लाइट जाणार होती म्हणूनच तुमचा इन्व्हर्टर घेतला होता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 150 एएच (अँपिअर-तास) बॅटरी 35 मिनिटांत बसली, आणि मला न विचारता तक्रार बंद केली

महोदय,

काल संध्याकाळी तुमच्या कॉल सेंटरला पाचवा फोन केला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून हे पत्र.

पावसाळ्याआधीच्या कामांसाठी मंगळवारी 10 ते 4 लाइट बंद, अशी नोटीस आमच्या भांडुपच्या सोसायटीत दोन दिवस आधी लागली होती. माझ्या सासूबाई 82 वर्षांच्या आहेत, अर्धांगवायूमुळे अंथरुणावर असतात. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना हवेची गादी आहे आणि तिचा पंप चोवीस तास चालावा लागतो. सोमवारी रात्रीच मी पिंप भरलं, फोन चार्ज केले, आत इन्सुलिन आहे म्हणून चारपर्यंत फ्रिज उघडायचा नाही असं घरात बजावलं. इन्व्हर्टरवर एक पंखा, एक एलईडी ट्यूब आणि गादीचा पंप एवढंच ठेवलं. सगळं मिळून सव्वाशे वॅटच्या आत. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. निम्मे वाया गेले असं धरलं तरी सात तास निघायला हवे होते.

10 वाजून 35 मिनिटांनी बीप वाजला आणि सगळं बंद झालं.

गादीच्या नळ्या एकेक करून चपट्या होत गेल्या. कमरेखाली हात घातला तर पलंगाची फळी लागत होती. शेजारच्या काकूंना बोलावून दर तासाला दोघी मिळून सासूबाईंना कुशीवर वळवत होतो. त्यांना बोलता येत नाही, त्या फक्त माझा हात घट्ट धरून होत्या.

तेव्हाच तुमच्याकडे पहिला फोन केला. अकरा मिनिटं गाणं ऐकवल्यावर एक मुलगा बोलायला आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही लोड जास्त टाकला असेल." मी वॅट मोजून सांगितले. तो म्हणाला, "मग चार्जिंग झालं नसेल." मी म्हटलं, आठवडाभर लाइट गेलेली नाही, हिरवा दिवा लागलेला आहे. त्यावर थोडं थांबून तो म्हणाला, "पण मॅडम, लाइट ठरवूनच जाणार होती ना? मग तुम्ही आधी काहीतरी तयारी करायला हवी होती."

अहो, तुमचा इन्व्हर्टर हीच माझी तयारी होती! फेब्रुवारीत 24 हजार रुपये मोजले ते कशासाठी? हे वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाही. शेजारच्या खोलीत सासूबाई कण्हत होत्या आणि तुमचा माणूस मला तयारी शिकवत होता.

बुधवारी टेक्निशियन आला तेव्हा लाइट होती. त्याने मीटर लावून "12.7 दाखवतंय, बॅटरी ओके" म्हटलं आणि निघाला. लोड नसताना खराब बॅटरीही चांगलं व्होल्टेज दाखवू शकते, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? लोड टाकून बघितलं नाही, झाकणं उघडली नाहीत, ॲसिडची घनता मोजायचा हायड्रोमीटर तर आणलाच नव्हता. तो जिना उतरेपर्यंत मला मेसेज आला, तक्रार निवारण झाली. मला न विचारता, माझी सही न घेता.

बॅटरीवर छापलेला उत्पादनाचा महिना बिलाच्या तारखेच्या 11 महिने आधीचा आहे. लेड-ॲसिड बॅटरी इतके दिवस चार्ज न करता गोदामात पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि बॅटरी पुरेसा चार्ज धरत नाही. मला तरी हेच कारण वाटतं. छापाचा आणि बिलाचा फोटो जोडला आहे.

माझ्या माहेरी, संगमनेरजवळ, 2005 नंतरच्या भारनियमनात तुमचाच इन्व्हर्टर आठ वर्षं चालला. त्याच्यावर दिवा लावून भावाने बारावी केली. म्हणून दुकानदार दुसरी कंपनी दाखवत असतानाही मी तुमचं नाव घेतलं. आज त्याचं वाईट वाटतं.

सात दिवसांत नवी बॅटरी द्या, तीही या तिमाहीत बनलेली, आणि माझ्यासमोर लोडवर चालवून दाखवा. नाहीतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही, हे मी बघून ठेवलं आहे. आणि मला न विचारता तक्रार कोणी बंद केली, ते लेखी कळवा.

पुढच्या मंगळवारी पुन्हा 10 ते 4 ची नोटीस लागली आहे.

आपली ग्राहक,
भांडुप (पश्चिम), मुंबई