जुनी जीप घाटात तापते त्याचा दोष तिच्या वयाला देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी लागली की दरवर्षी पेपरात खंबाटकी घाटात गाड्या बंद पडल्या, रांगा लागल्या अशा बातम्या येतात आणि सोबत बॉनेट उघडून कडेला उभी असलेली एखादी गाडी दिसते, ती जुनी जीप असली की मग झालंच, लोक म्हणतात ही भंगारं रस्त्यावर येऊच कशी देतात. मी जावळी तालुक्यातला, घरी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, आणि मला यावर कळकळीनं लिहावंसं वाटतंय कारण ती गाडी जुनी आहे म्हणून उकळत नाही, तिचा रेडिएटर, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणारी पुढची जाळी, आणि ते पाणी नेणारे रबरी होज पाइप वेळेवर बदललेले नसतात म्हणून उकळते.

आमच्याकडं जावळीत, पाटणात, कोयनेच्या काठच्या वाड्यांवर अजून याच गाड्या चालतात. दुधाचे कॅन, खताची पोती, आजारी माणूस, सगळं त्यांच्यातनंच जातं. १५ वर्षं झाली की आरटीओत जाऊन पर्यावरण कर भरायचा, परत पासिंग करायचं, पुढं दर ५ वर्षांनी तेच, हे सगळं आम्ही करतो. इंजिन पण साधं आणि दणकट, माझ्या गाडीत प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल आहे आणि नीट सांभाळलं तर ते माणसाला दगा देत नाही. पण गाडीचं गार राहणं ज्याच्यावर अवलंबून आहे त्या जाळीकडं आणि रबरी पाइपांकडं कोणी बघतच नाही, जोवर वाफ येत नाही तोवर.

आता घाटात नेमकं काय होतं ते सांगतो. केळघरचा घाट घ्या नाहीतर पसरणी, गाडी लोड घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढते, इंजिन जोरात फिरतं पण गाडीचा वेग नसतो म्हणून समोरून वारा लागत नाही, सगळा भार पंख्यावर. रानातल्या वाटेवर फोर बाय फोर लावून लो गिअरमध्ये गेलं तर अजूनच वाईट. त्यात महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर, तिथं साधं पाणी ९५-९६ डिग्रीलाच उकळतं, आणि इंजिनचं नेहमीचं टेंपरेचरच ८० ते ९० च्या मधलं. म्हणजे राहिलं काय मधे? म्हणूनच रेडिएटरला प्रेशरची कॅप असते, तिच्यावर ०.९ लिहिलेलं असेल तर ती आत ०.९ बारचं प्रेशर धरते आणि तेच पाणी महाबळेश्वरात सुद्धा ११५ च्या पुढं जाईपर्यंत उकळत नाही. आणि ही कॅप आम्ही काय करतो, रबर फाटलं तरी तीच, हरवली तर जी मिळेल ती, काहींनी तर डब्याचं झाकण दाबून बसवलेलं मी बघितलंय. जास्त प्रेशरची कॅप लावली की बरं असं पण काही जण सांगतात, ते अजिबात ऐकू नका, जुनी जाळी फुटते, गाडीला जेवढ्याची दिलीय तेवढ्याचीच लावायची.

दुसरं म्हणजे पाणी. आमच्या भागात निदान ओढ्याचं पाणी बरं आहे पण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडं बोअरचं पाणी किती जड असतं ते तिथल्या माणसाला विचारा. पाणी तापवायच्या हंड्याला आतनं जसा पांढरा थर धरतो तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतो, आणि नळी बंद झाली की बाहेरनं जाळी कितीही चकचकीत दिसली तरी तेवढा भाग मेलेला. गार गाडीची कॅप काढून टॉर्च मारून बघा, रेडिएटरच्या वरच्या टाकीत नळ्यांची तोंडं दिसतात, तिथं पांढरं किंवा तांबूस धरलेलं दिसलं की समजायचं. गाडी गरम झाल्यावर जाळीवरनं इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला तरी गार पडलेला पट्टा कळतो, आजकाल बऱ्याच गॅरेजवाल्यांकडं तो असतो.

आणि हळद! रेडिएटर गळायला लागला की त्यात हळद टाकायची ही आपल्याकडची जुनी पद्धत, रात्री घाटात अडकलेल्या माणसाला घरी पोचायला ती एकदा उपयोगी पडते हे मी नाकारत नाही. पण मग तीच हळद वर्षानुवर्षं आत राहते, गळतीचं भोक बुजवते तशी चांगली नळी पण बुजवते, हीटरची जाळी पण बुजवते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, तिची जागा स्वयंपाकघरात आहे, गाडीच्या नळ्यांत नाही. पावडरी आणि लीक बंद करायच्या बाटल्या मिळतात त्यांचं पण तेच.

माझं मुख्य म्हणणं पुढं आहे. रेडिएटर बदलायला गाडी खोलली की लोक नुसता रेडिएटर बदलतात. आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीचं हेच झालं, एका गॅरेजमध्ये नवा रेडिएटर बसवून दिला, पाइप जुनेच ठेवले, क्लिपा जुन्याच, पाइप चांगलेत काका अजून वर्षभर जातील असं सांगितलं, आणि नव्या जाळीनं प्रेशर नीट धरल्यावर जुना वरचा पाइप केळघरच्या चढाला फाटला. पाणी गेलं, टेंपरेचरच्या काट्याकडं लक्ष नव्हतं, हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग) उडालं आणि हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला गेलं. होज पाइपांचे पैसे शेकड्यात असतात आणि हेडचं काम कुठं जातं ते ज्यानं केलंय त्याला माहीत. त्या माणसाची गाडी ऐन हंगामात उभी राहिली, त्याच्या घरचं दूध डेअरीला कसं जायचं याचा कोणी विचार केला का?

होज पाइप आतनं सडतो हे लोकांना माहीतच नाही. वरनं काळाभोर, चांगला दिसतो पण टोकापासून दोन बोटं आत दाबून बघा, गाडी गार असताना, तिथं पिळपिळीत लागला किंवा दाबताना कुरकुर आवाज आला तर तो गेलेला आहे. तेल लागून फुगलेला पाइप पण गेलेलाच. खालच्या पाइपात बऱ्याच गाड्यांना आतनं स्प्रिंग असते, ती उगाच नसते, वॉटर पंप तिथनं पाणी ओढतो आणि स्प्रिंग गंजून गेली की पाइप आत चिकटतो, मग गाडी उभी असताना ठीक आणि रेस वाढवली की तापते, आणि मेकॅनिक बिचारा पंप बदलतो, गॅस्केट बदलतो, सगळं बदलतो. वरचा, खालचा, बायपासचा छोटा, हीटर असेल तर त्याचे दोन, सगळे एकदमच बदलायचे, क्लिपांसकट, आणि फॅन बेल्ट पण बघून घ्यायचा.

कामाचं थोडं सांगतो कारण बरेच जण घरीच करतात. गाडी पूर्ण गार झाल्याशिवाय कॅपला हात लावायचा नाही, भाजलेली माणसं मी बघितलीत. खालचा कॉक उघडून पाणी काढायचं, इंजिन ब्लॉकला पण एक ड्रेन असतो तो बहुतेक जण विसरतात आणि खरा गाळ तिथंच असतो. जुना पाइप निघत नसेल तर पान्यानं पिरगाळू नका, पितळी टाकीची नळी नुसत्या डागानं (सोल्डरनं) बसवलेली असते ती उचकटते, ब्लेडनं पाइप उभा चिरायचा आणि सोलून काढायचा. पंख्याभोवतीचं कव्हर आधी सैल करायचं, मग रेडिएटर सरळ वर उचलायचा, खालचे रबरी पॅड चपटे झाले असतील तर नवे टाकायचे नाहीतर खडकाळ वाटेवर सगळे हादरे नव्या जाळीला बसतात. बसवताना पंखा आणि जाळीच्या मधे पुठ्ठा धरायचा. नवीन पाइप सरकत नसेल तर पाणी लावायचं, ग्रीस नाही. क्लिप नळीच्या उंचवट्याच्या मागं बसली पाहिजे, आणि गाडी एकदा गरम होऊन गार झाली की परत एकदा आवळायची. आणि ते पंख्याचं कव्हर परत लावा हो, निम्म्या जुन्या जीपांना ते नसतंच, कधीतरी काढलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात राहिलं, कव्हर नसलं की पंखा जाळीतनं वारा ओढायच्या ऐवजी आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो.

जुन्या पितळी टाक्या चांगल्या असतील तर माझं मत असं की त्याच ठेवून मधली जाळी नवीन टाकून घ्या, डाग देणारे जुने कारागीर अजून आहेत, त्यांना काम मिळालं पाहिजे आणि तसा रेडिएटर पुढं पण दुरुस्त होतो. ॲल्युमिनियमचा घेतलात तरी वाईट नाही, पण त्याला बोअरचं पाणी घातलं तर तो आतनं लवकर खाल्ला जातो. रेडिएटरमध्ये कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं घालायचं, उन्हाळ्यात सुद्धा, कारण कुलंट फक्त पाणी गोठू नये म्हणून नसतं, गंज थांबवतं आणि उकळायचा बिंदू वाढवतं. भरताना हळू भरायचं, गाडीचं तोंड चढाला, हीटर चालू, कॅप उघडी ठेवून गाडी चालू करायची आणि थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच पाणी रेडिएटरकडं सोडणारी झडप) उघडून वरचा पाइप गरम होईपर्यंत बुडबुडे निघू द्यायचे.

थर्मोस्टॅटवरनं आठवलं, तो काढून टाकायचा सल्ला आपल्याकडं सर्रास देतात. इंजिनला जेवढं गरम व्हायला पाहिजे तेवढं ते होतच नाही मग, डिझेल जास्त पितं, झीज वाढते. आणि गाडी तापायचं खरं कारण तसंच राहतं. खराब असेल तर नवा टाका.

संपादक साहेब, माझी विनंती एवढीच की नुसत्या कोंडीच्या बातम्या न छापता फेब्रुवारी-मार्चमध्ये या विषयावर अर्धं पान तरी द्या, एखाद्या अनुभवी मेकॅनिकला विचारून. आपल्या जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचं शिकणारी पोरं आहेत, त्यांच्याकडनं उन्हाळ्याच्या आधी एक दिवस कॅप, पाइप, पाणी तपासून द्यायचं शिबिर घेतलं तर पोरांचा पण हात बसेल आणि वाडीवरच्या माणसाला पण कळेल. आणि गॅरेजवाल्यांना कोणीतरी ठामपणे सांगा की काढलेलं जुनं कुलंट गटारात ओतू नका, आपली गटारं शेवटी वेण्णेला आणि कृष्णेलाच जातात. ते चवीला गोड लागतं आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, त्यामुळं ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून लेबल लावून पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवायला पाहिजे.

पत्र मोठं झालंय, कापायचं तर माझ्या गाडीचं कापा पण कॅप, पाइप आणि बोअरच्या पाण्याचं तेवढं राहू द्या, आणि जमलं तर यात्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आत छापा.

आपला,
एक जीपवाला वाचक,
ता. जावळी, जि. सातारा