मुलुंडच्या काकूंना, ८०८५वरच्या फोर्थबद्दल

प्रिय काकू,

सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानले की तुम्ही विषय बदलता आणि काकांना चहाचं आधण ठेवायला सांगता. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. ब्रेडबोर्डवरच्या ८०८५वर, म्हणजे इंटेलच्या जुन्या प्रोसेसरवर, माझं फोर्थ (ही एक प्रोग्रामिंगची भाषा) चालताना ज्यांनी ज्यांनी पाहिलं, त्यांनी हेच विचारलं: नोकरी वेबसाइटच्या प्रोग्रामिंगची, मग असेम्ब्लीतलं, म्हणजे प्रोसेसरच्या स्वतःच्या आज्ञांतलं, हे सगळं शिकलीस कुठे? मुलुंडला, आमच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावर. हे उत्तर एकदा सविस्तर द्यायचं होतं.

ज्यांना फोर्थ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडंसं. चार्ल्स मूर यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही भाषा घडवायला घेतली. अमेरिकेतल्या किट पीकची रेडिओ दुर्बीण तिच्यावर चालली. २०१४मध्ये धूमकेतूवर उतरलेल्या फिले यानातही फोर्थसाठी घडवलेला आरटीएक्स २०१० हा प्रोसेसर होता. १९७८मध्ये फोर्थ इंटरेस्ट ग्रुप स्थापन झाला आणि त्यांनी ६५०२, ८०८० वगैरे प्रोसेसरांसाठी ‘फिग-फोर्थ’ या त्यांच्या फोर्थची असेम्ब्ली लिस्टिंग, म्हणजे छापील प्रोग्राम, खुली केली. ८०८०चा प्रोग्राम ८०८५वर तसाच चालतो, म्हणून मी त्या लिस्टिंगपासून सुरुवात केली आणि पहिल्याच पानांवर अडले. कॉलेजात ८०८५चं किट होतं, हेक्स (सोळाच्या पायाच्या आकड्यांच्या) कीपॅडवरून दोन संख्यांची बेरीज केली होती. त्यापुढे या प्रोसेसरशी माझी ओळख नव्हती.

तुम्हाला फोर्थ माहीत नव्हतं, हे मला इथे मुद्दाम लिहायचं आहे. तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात तापमान आणि दाब सांभाळणाऱ्या कंट्रोलरांसाठी ८०८५चे प्रोग्राम लिहीत होतात. निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी एक शेजारची मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन दारात उभी राहिली, तर ‘हे माझ्या वेळचं नाही’ म्हणून सोडून देणं सोपं होतं. तुम्ही गठ्ठा ठेवून घेतलात, पुढच्या रविवारपर्यंत वाचलात आणि म्हणालात, “अगं, हे तर आमचं टेबल आहे.”

त्या वाक्याने माझं अडलेलं सुटलं. तुमच्या कंट्रोलरमध्ये रुटीनच्या (प्रोग्रामच्या तुकड्यांच्या) पत्त्यांचं एक टेबल असायचं, मुख्य लूप त्यातला एकेक पत्ता उचलून तिथे उडी मारायचा. फोर्थमध्ये प्रत्येक शब्दाची व्याख्या हीच अशा पत्त्यांची यादी असते, आणि यादीतला पुढचा पत्ता उचलून तिथे जाणाऱ्या तुकड्याला ‘नेक्स्ट’ म्हणतात. भाषेतला बाकी सगळा डोलारा या तुकड्यावर उभा असतो. तो जितका चपळ तितकी भाषा चपळ, कारण प्रत्येक शब्द संपला की तोच धावतो. मी स्ट्रिंग, संख्या, शब्दकोश सगळं एकदम समजून घेऊ पाहत होते. तुम्ही ते सगळं बाजूला सारलंत, चौकटीच्या वहीत डीई आणि एचएल (प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टर-जोड्या), एसपी (स्टॅक पॉइंटर, म्हणजे चळतीचा माथा दाखवणारं रजिस्टर) आणि रिटर्न स्टॅक असे रकाने आखलेत आणि मला प्रत्येक आज्ञेनंतर रकाने भरायला लावलेत. चिप हातात घ्यायला मिळाली ती नेक्स्ट कागदावर बिनचूक चालल्यावरच.

मग प्रश्न आला स्टॅकचा, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी उचलायच्या चळतीचा. फोर्थला दोन स्टॅक लागतात: एक आकड्यांचा, एक परतीच्या पत्त्यांचा. ८०८५कडे स्टॅक पॉइंटर एकच. मला वाटत होतं, परतीचे पत्ते प्रोसेसरच्या स्टॅकवर जाणं स्वाभाविक, तेव्हा एसपी त्यांना द्यावा. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. डुप (वरच्या आकड्याची नक्कल), स्वॅप (वरच्या दोघांची अदलाबदल), ड्रॉप (वरचा टाकून देणं), अधिक, वजा यांत स्टॅकला किती वेळा हात लागतो ते मोजायला सांगितलंत. मोजलं तेव्हा पटलं. एसपी आकड्यांना, आणि परतीच्या स्टॅकचा पॉइंटर रॅममध्ये दोन बाइटांत.

पण तुमचं खरं शिक्षण त्यानंतरचं होतं, कारण ते कोणत्याही लिस्टिंगमध्ये मला दिसलं नसतं. तुम्ही विचारलंत, “ट्रॅप आला तर?” ट्रॅप हा ८०८५चा असा इंटरप्ट (चालू काम थांबवणारा बाहेरचा इशारा) की तो प्रोग्रामने रोखता येत नाही. तो कुठल्याही क्षणी येतो आणि परतीचा पत्ता एसपीच्या खाली ढकलतो. हा स्टॅक खालच्या पत्त्यांकडे वाढतो, म्हणजे एसपीच्या खालची जागा आपली नाहीच. तिथे क्षणभरसुद्धा काही जपून ठेवायचं नाही. आणि कुणी रिकाम्या स्टॅकवरून ड्रॉप केलं तर एसपी तळाच्या वर सरकतो, मग पुढचा इंटरप्ट वरच्या शेजाऱ्याच्या जागेत लिहितो. म्हणून तळ आणि त्यावरची पुढची वापरातली जागा यांच्यात थोडी मोकळी रॅम सोडायला लावलीत. कारखान्यात चालू भट्टीवर प्रोग्राम सोडणाऱ्या माणसाची ही नजर आहे. माझ्या रोजच्या कामात मी आता हा प्रश्न विचारते: मध्येच कुणी आलं तर काय काय बिघडेल?

तुमच्या जुन्या वहीतलं ते पान मात्र सगळ्यांना सांगण्यासारखं आहे. इंटेलने ८०८५मध्ये दहा आज्ञा बसवल्या, पण माहितीपुस्तकात छापल्या नाहीत. तुमच्या वहीत त्या पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या, शेजारी हेक्स कोड. त्यातली एक, एलएचएलएक्स: डीईमध्ये जो पत्ता असेल तिथले दोन बाइट उचलून थेट एचएलमध्ये आणते. अवघ्या एका बाइटची आज्ञा, १० टी-स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे दहा ठोके. फिग-फोर्थची लिस्टिंग ८०८०साठी लिहिलेली, त्यामुळे तिच्यात ही येणं शक्यच नव्हतं.

हिशेब इथे देते, कारण तो आपण दोघींनी मिळून केला आणि मला तो अजून पाठ आहे. मूळ लिस्टिंगमधलं नेक्स्ट ८०८५वर ६४ टी-स्टेट घेतं. त्यात पत्त्याच्या पत्त्यावर जायची एक पायरी जास्त आहे. ती पायरी काढून टाकली, म्हणजे यादीतला पत्ता थेट मशीन कोडचाच ठेवला, तर ४०. आणि यादीवर फिरणारं बोट (पुढचा पत्ता कुठे आहे ते दाखवणारा पॉइंटर) बीसी या रजिस्टर-जोडीऐवजी डीईमध्ये ठेवून एलएचएलएक्स वापरली, तर नेक्स्ट होतं चार आज्ञांचं: एलएचएलएक्स, आयएनएक्स डी (डीईत एक मिळवणं), पुन्हा आयएनएक्स डी, पीसीएचएल (एचएलमधल्या पत्त्यावर उडी). २८ टी-स्टेट, आणि चारच बाइट. नेक्स्टकडे उडी मारायलाच तीन बाइट आणि १० टी-स्टेट लागतात, तेव्हा उडी न मारता प्रत्येक शब्दाच्या शेवटी नेक्स्टच लिहून टाकावं. हे शेवटचं तुम्ही हिशेब पाहता पाहता सहज बोलून गेलात. पण आधी आपल्या चिपवर ही आज्ञा खरंच चालते का ते छोटा प्रोग्राम लिहून तपासायला लावलंत, कारण जे छापलेलं नाही त्याची हमी कुणी देत नाही. चालली.

अशीच गोष्ट कोलनची, म्हणजे नव्या शब्दाची व्याख्या सुरू करणाऱ्या ‘:’ची. कोलनने सुरू होणाऱ्या प्रत्येक व्याख्येच्या तोंडाशी एक कॉल (परतीचा पत्ता ढकलून दुसरीकडे उडी मारणारी आज्ञा) लागतो: तीन बाइट, १८ टी-स्टेट. तुम्ही म्हणालात, आरएसटी १ वापर: एक बाइट, १२ टी-स्टेट, आणि पत्ता तशीच ढकलते. आरएसटी १ येऊन पडते ती ०००८ या पत्त्यावर. तिथे उडी न ठेवता सगळा तुकडा सलग लिहायचं ठरलं. पंधरा बाइटांत बसला, हेक्समध्ये ०००८ ते ००१६. आरएसटी २ची जागा त्यात गेली, ती आपल्याला नकोच होती. ००२४वरचा ट्रॅप सुरक्षित राहिला. रॉममधल्या त्या पहिल्या ओळींचा मला आजही अभिमान वाटतो, आणि त्या निम्म्याहून जास्त तुमच्या आहेत.

‘इफ’ आणि ‘देन’ मात्र मला कुठल्याच स्पष्टीकरणातून कळत नव्हते. इफ हा शब्द व्याख्या लिहिताना, म्हणजे कंपाइल होत असतानाच चालतो. शून्य आलं तर उडी मारणाऱ्या शब्दाचा पत्ता तो यादीत टाकतो, पुढे एक रिकामी जागा सोडतो आणि त्या जागेचा पत्ता आकड्यांच्या स्टॅकवर ठेवून निघून जातो. देन येतो तेव्हा तो पत्ता उचलतो आणि रिकाम्या जागेत ‘इथपर्यंत’ असं भरतो. तुम्ही कपाटातून हाताने असेम्बल केलेला एक जुना कागद काढलात. पुढच्या लेबलचा पत्ता अजून ठरला नसेल तिथे तुम्ही दोन बाइटांच्या चौकटी रिकाम्या सोडल्या होत्या, समासात खूण केली होती आणि नंतर त्या वेगळ्या शाईत भरल्या होत्या. “समासातली खूण म्हणजे तुझा स्टॅक,” एवढंच म्हणालात. त्या दिवशी एकात एक इफ कसे बसतात तेही कळलं, कारण शेवटची खूण आधी भरायची हे कागदावर डोळ्यांना दिसत होतं.

हार्डवेअरबद्दल फार लिहीत नाही. मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला, कुठल्या गल्लीत शिरायचं, चिप घेताना पाय कसे बघायचे, हे तुम्ही सांगितलंत. ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घ्यायला लावलात, कारण आत त्याचे ३.०७२ होतात आणि ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका बिटाला बरोबर ३२० टी-स्टेट मिळतात. त्यामुळे ८२५१ ही सिरियल संवादाची वेगळी चिप न लावता प्रोसेसरच्याच एसआयडी-एसओडी पायांवर, ते वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या रिम आणि सिम आज्ञांनी, लॅपटॉपशी बोलता आलं. ८२५५, म्हणजे बाहेरच्या दिव्या-बटणांशी जोडणारी चिप, तुमच्याच खणातली आहे.

आणि मग देवनागरी. फोर्थमध्ये दोन स्पेसच्या मधलं काहीही शब्दाचं नाव होऊ शकतं. मूळ लिस्टिंगमध्ये नाव संपल्याची खूण म्हणून शेवटच्या अक्षराचा आठवा बिट १ केलेला असतो. युटीएफ-८मधल्या (अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीतल्या) देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा आठवा बिट आधीच १ असतो, त्यामुळे ती खूण निकामी. मी ती काढली आणि फक्त लांबीच्या बाइटवर भरवसा ठेवला. लांबीला पाच बिट, म्हणजे नाव ३१ बाइटांचं. देवनागरीत अक्षर, काना, मात्रा, हलन्त प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे अशी दहा चिन्हं. पुरतात. पहिली व्याख्या मी लिहिली, आकड्याची नक्कल करून दोन्ही गुणायची:

: वर्ग डुप * ;

दुसरी तुम्ही लिहिलीत, एकेक कळ शोधत: दिवा-लाव. बावीस बाइटांचं नाव. ८२५५च्या पायावरचा एलईडी लागला तेव्हा तुम्ही काकांना स्वयंपाकघरातून बोलावून आणलंत. नोकरीत सगळं हेक्समध्ये लिहिलं, मराठीत मशीनला कधी काही सांगितलं नव्हतं, असं तुम्ही त्यांना म्हणालात. मी तिथेच होते, पण तेव्हा मला काही बोलता आलं नाही. आज लिहिते: हे सगळं मी ज्यासाठी केलं असं मला आता वाटतं, ते तेवढ्यासाठी.

प्रोग्रामच्या पहिल्या ओळीत तुमचं नाव घालू दिलं नाहीत. या पत्रातही ते घातलेलं नाही, शब्द पाळला आहे. पण या शहरातल्या आणि आसपासच्या कारखान्यांतली यंत्रं ज्यांच्या प्रोग्रामवर वर्षानुवर्षं चालली, अशा तुमच्यासारख्या बायकांबद्दल मी कॉलेजात कधी काही ऐकलं नाही, याचं मला वाईट वाटतं. तुमची ती वही स्कॅन करायची परवानगी मी पुन्हा मागणार आहे. नाही म्हणालात तरी परत विचारीन.

काकू, मनापासून आभार. वेळेबद्दल, वहीबद्दल, आणि मला सुचेपर्यंत थांबून राहिलात त्याबद्दल. काकांचेही आभार, त्यांनी जेवणाचं टेबल किती रविवार आमच्या ताब्यात राहू दिलं.

पूर्ण लांबीचा गुणाकार अजून बाकी आहे. १६ बिट गुणिले १६ बिट, उत्तर ३२ बिटांचं, आणि ८०८५ला गुणाकाराची आज्ञा नाही. त्या दहांतली आरडीईएल डीई जोडी कॅरीतून (हातच्याच्या बिटातून) डावीकडे फिरवते, म्हणजे इथे अगदी हवी तशी. पण डीई तर आपण यादीवरच्या बोटाला देऊन बसलो. गुणाकारापुरतं ते स्टॅकवर ठेवलं तर किती खर्च येतो आणि किती वाचतो, ते मोजून ठेवते. रविवारी चारनंतर येते.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची