कॉर्कचा वळलेला रस्ता

कॉर्क (आयर्लंड), रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "तिथे बघण्यासारखं आहे तरी काय?" मी घाईत काहीतरी उत्तर दिलं आणि मग रुखरुख लागून राहिली. म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

इथला मुख्य रस्ता सेंट पॅट्रिक्स स्ट्रीट. गावकऱ्यांच्या तोंडी 'पॅना'. तो धनुष्यासारखा वळलाय. मी त्यावरून रोज जायचो, पण हे वळण कशाचं, असा प्रश्न कधी पडला नव्हता. अरे, ती नदीची वाट आहे! तिथे ली नदीचा फाटा वाहायचा, होड्या थेट घरांच्या दाराशी लागायच्या. १७८० च्या दशकात तो झाकून रस्ता केला. कॉर्क हे नावही दलदलीसाठीच्या आयरिश शब्दावरूनच आलंय.

हा नाद मला जुन्या फोटोंनी लावला. डब्लिनच्या विल्यम लॉरेन्स यांच्या स्टुडिओसाठी रॉबर्ट फ्रेंच गावोगाव फिरून काचेच्या प्लेटांवर फोटो काढत. त्या संग्रहातल्या सुमारे ४०,००० प्लेटा आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपल्या आहेत. त्यातला पॅनाचा एक फोटो छापून घेतला आणि सकाळी सातला, रस्ता रिकामा असताना, त्याच जागी जाऊन उभा राहिलो. लोकांना दारू सोडायला लावणाऱ्या फादर मॅथ्यू यांचा १८६४ चा पुतळा जिथल्या तिथे होता. १८९८ साली सुरू झालेली विजेची ट्रॅम मात्र १९३१ मध्येच बंद पडली.

दुसरा फोटो डिसेंबर १९२० चा. तो हातात घेऊन मला फार वेळ उभं राहवलं नाही. पुलाकडून येताना डाव्या हाताच्या इमारतींच्या नुसत्या भिंती उरल्यात, आत विटांचे ढीग, आणि समोर माणसं निमूट बघताहेत. तेव्हा आयर्लंडचा स्वातंत्र्यलढा चालू होता. तो दडपायला ब्रिटिशांनी आणलेल्या ऑक्झिलरी, म्हणजे जादा पोलिसांनी, ११ डिसेंबरच्या रात्री ही आग लावली. बंबवाल्यांचे पाइप कापले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. चाळीसहून जास्त दुकानं आणि सुमारे ३०० घरं गेली, दोन हजार लोकांचा रोजगार गेला. नदीपलीकडचा सिटी हॉल आणि शेजारचं कार्नेगी ग्रंथालयही जळालं. ग्रंथालय, रे! आणि वर ब्रिटिश मंत्री संसदेत म्हणाले, आग गावकऱ्यांनीच लावली. हे वाचून मला आजही संताप येतो.

त्या एका वर्षात या गावाने किती सोसलं बघ. मार्चमध्ये महापौर टोमास मॅककर्टन यांना त्यांच्या घरात घुसून गोळ्या घातल्या. त्यांच्या जागी आलेले टेरेन्स मॅकस्विनी लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवस उपोषण करून ऑक्टोबरात गेले. १९२९ साली आपले जतीन दास लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांच्या उपोषणानंतर गेले, तेव्हा मॅकस्विनींच्या घरच्यांनी भारतात शोकाची तार पाठवली होती. शाळेत जतीन दासांबद्दल वाचलं होतं. ती तार या गावाशी जोडलेली आहे, हे मला इथे आल्यावर कळलं.

दोन्ही फोटोंच्या प्रती पाकिटात ठेवतोय. आधी पुतळा शोध, मग रस्त्याचं वळण बोटाने गिरव. आणि जूनमध्ये ये. तेव्हा पहाटे पाचलाच लख्ख उजाडतं, दुकानं उघडायच्या आत आपण अख्खा पॅना चालून येऊ.

तुझाच,
जुना सोबती