विषय: 'डायरेक्ट फिट' म्हणून पाठवलेला सेल्फ आणि 'चुकीचं फिटिंग' म्हणून नाकारलेली वॉरंटी

नमस्कार मॅडम,

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की सर तुम्ही मराठीतच लिहा, मी इंग्रजी करून तिकिटाला जोडते, म्हणून हे लिहितोय. मिशिगनमधून फोन लावला आणि पलीकडून पुण्याचं मराठी ऐकू आलं तेव्हाच माझा अर्धा राग गेला होता. उरलेला अर्धा खाली आहे. तुमच्याआधी तीन जणांना हे सगळं पहिल्यापासून सांगून झालंय, आता पाचव्याला सांगायची ताकद नाही, त्यामुळे जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी 1970 ची शेव्हरोलेट शेव्हेल, मालिबू, 350 चं व्ही-8 इंजिन, ऑटोमॅटिक. 454 इंजिनवाली 450 हॉर्सपॉवरची एसएस नाही हो, सगळे तेच विचारतात, आपली साधी मालिबू आहे. इग्निशन अजून पॉइंटचंच आहे, म्हणजे ठिणगीची वेळ उघडझाप करणारे जुने धातूचे पॉइंट ठरवतात, मी मुद्दाम बदललेलं नाही, आणि हे ऑर्डर करताना नोटमध्येही लिहिलं होतं. तुमच्या साइटवर वर्ष, मॉडेल, इंजिन टाकलं की हिरवी टिक येते आणि खाली येतं की हा पार्ट तुमच्या गाडीला डायरेक्ट बसतो, कसलाही बदल लागत नाही. त्या टिकवर विश्वास ठेवून मी 189 डॉलर भरले, वर जुन्या सेल्फसाठी 45 डॉलर कोअर डिपॉझिट, म्हणजे जुना सेल्फ तुम्हाला पाठवला की परत मिळणारी अनामत.

जुना सेल्फ तसा मेला नव्हता. गार असताना एका किल्लीत घ्यायचा, पण अर्धा तास गाडी चालवून पेट्रोल भरायला थांबलं की नुसतं टक्. एक्झॉस्ट अगदी खेटून जातो ना, सोलेनॉइड, म्हणजे सेल्फवरचा विजेचा स्विच, भाजून निघतो, या गाड्यांचं हे जुनंच दुखणं आहे. आणि ऑटोमॅटिक असल्यामुळे धक्का मारायचीही सोय नाही. लहानपणी कोल्हापुरात थंडीत सकाळी आमची पद्मिनी गल्लीतल्या चौघांनी ढकलली की सुरू व्हायची, इथे चाळीस जण आणलेत तरी उपयोग नाही, इंजिन गार होईपर्यंत पंपावर उभं राहायचं. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, त्या रांगेत, उन्हात, इंजिन तापलेलं असताना हे नको म्हणून जुलैतच तुमचा गिअर रिडक्शनवाला छोटा सेल्फ मागवला.

आता फिटिंगचं सांगतो, कारण तुमच्या वॉरंटीवाल्यांचं एकच वाक्य आहे, 'इम्प्रॉपर इन्स्टॉलेशन'. मॅडम, बॅटरीची निगेटिव्ह काढली, गाडी चार स्टँडवर घेतली, मग खाली गेलो. जुना लोखंडी नाकाचा सेल्फ वीस पौंडांच्या आसपास, तो छातीवर घेऊन खाली उतरवला. तुमचा हातात घेतला तर निम्म्या वजनाचा, मस्त वाटलं, उगाच खोटं कशाला बोलू. फ्लेक्सप्लेटचे, म्हणजे सेल्फ जिला फिरवतो त्या इंजिनच्या दातेरी चकतीचे दात मोजले, 168, म्हणजे तिरक्या भोकांचा पॅटर्न, तुमच्या सेल्फला सरळ आणि तिरकी दोन्ही भोकं आहेत, तेही बरोबर. इथपर्यंत शंभर मार्क.

पण बरोबर आलेले बोल्ट. या सेल्फचा बोल्ट साधा नसतो, त्याच्या दांड्यावर बारीक खाचा असतात आणि तो भोकात घट्ट बसतो, त्याच्यामुळेच सेल्फ जागेवर राहतो. नुसता गुळगुळीत बोल्ट टाकला तर भोकात खेळ राहतो, चार वेळा स्टार्टर मारला की सेल्फ सरकतो आणि दातांची गाठ बिघडते. तुमच्या पिशवीत दोन्ही गुळगुळीत. मी बोट फिरवून बघितलं, मग चष्मा लावून बघितलं. शेवटी इथल्या दुकानात जाऊन खाचांचे, बरोबर लांबीचे, 3/8 चे बोल्ट आणले. आता वॉरंटीच्या मेलमध्ये दुसरं कारण काय तर 'आम्ही न दिलेलं हार्डवेअर वापरलं'. म्हणजे तुमचे वापरले असते तर सेल्फ सरकला असता, नाही वापरले तर वॉरंटी गेली. याला काय म्हणायचं तुम्हीच सांगा.

मग गॅप. जाड पेपर क्लिप सरळ केली, स्क्रू ड्रायव्हरने पिनियन, म्हणजे सेल्फचं छोटं दातेरी चाक, पुढे ओढून फ्लेक्सप्लेटच्या दातात बसवला आणि पिनियनच्या दाताचं टोक आणि समोरची खाच यांच्यामध्ये क्लिप सरकते का बघितलं. सरकत नव्हती. म्हणजे फार घट्ट, असंच ठेवलं तर इंजिन सुरू होऊन किल्ली सोडताना शिट्टीसारखा आवाज येणार. 15 थाऊचा (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) एक शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी टाकली, बोल्ट टॉर्क रेंचने 35 फूट-पौंडाला आवळले, परत क्लिप घातली, हलका अडथळा लागून सरकली. फोटो नंबर 4 मध्ये माझा अंगठा आणि क्लिप दोन्ही दिसतायत. हे इम्प्रॉपर असेल तर प्रॉपर कसं असतं ते मला तुमच्या माणसाने खाली झोपून दाखवावं.

खरी गडबड वायरमध्ये आहे. जुन्या सोलेनॉइडला मोठ्या केबलशिवाय दोन छोटे टर्मिनल असतात, एस आणि आर. जांभळी वायर एसवर, किल्लीकडून येते, ती सेल्फ ओढते. पिवळी आरवर, ती ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलकडे जाते. पॉइंटच्या गाडीत कॉइलला एरवी रेझिस्टन्स वायरमधून कमी व्होल्टेज मिळतं, नाहीतर पॉइंट जळतील, पण स्टार्टर मारताना बॅटरी आधीच दबलेली असते म्हणून तेवढ्यापुरतं आरवरून बॅटरीचं सगळं व्होल्टेज थेट कॉइलला देतात. तुमच्या सेल्फला आर टर्मिनलच नाही! पिवळी वायर हातात धरून मी पाच मिनिटं गाडीखाली पडून होतो. डायरेक्ट फिट म्हणे.

तिथूनच फोनवरून तुमच्या चॅटवर गेलो. पहिला म्हणाला वायर टेप करून सोडून द्या. सोडली. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, पण पेटत नाही, आणि किल्ली सोडल्याच्या क्षणी खोकल्यासारखं करून कधी धरतं कधी नाही. साहजिकच आहे, मारताना कॉइलला करंटच पुरत नाही. परत चॅट. दुसरा प्रतिनिधी, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय, तो लिहितो की मग दोन्ही वायर एस टर्मिनलवर एकत्र लावा. मला जरा खटकलं, मी विचारलंसुद्धा की नक्की का, तो म्हणाला हो सर, आमचे कस्टमर असंच करतात. आणि मीही लावली. एवढीच माझी चूक, मान्य.

गाडी लगेच सुरू झाली. पण किल्ली सोडली तरी सेल्फ सुटेना. कारण इंजिन चालू असताना कॉइलकडचा करंट त्याच पिवळ्या वायरने उलटा एसवर येतो आणि सोलेनॉइडला धरून ठेवतो. करवतीने पत्रा कापावा तसा आवाज, बायको किचनमधून धावत बाहेर आली, मी किल्ली पूर्ण बंद करेपर्यंत तीन-चार सेकंद गेले असतील. तेवढ्यात व्हायचं ते झालं. तेव्हापासून सेल्फ नुसता घरघरतो, पिनियनचा क्लच गेलाय, तीन दात समोरून झिजलेत. शेजारी एक आजोबा आहेत, जन्मभर गाड्यांच्या कारखान्यात काम केलेले, त्यांनी नुसतं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाले, मध्ये एक डायोड टाकायचा असतो रे, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा, काही रुपड्यांचा. हे रुपडे माझे, ते सेंट म्हणाले. पण मुद्दा हा की एका डायोडची गोष्ट त्यांना माहीत आहे आणि सेल्फ विकणाऱ्यांना नाही. 1912 च्या कॅडिलॅकला पहिल्यांदा इलेक्ट्रिक सेल्फ आला तोही याच मिशिगनमध्ये बनलेल्या गाडीला, आणि आज त्याच मिशिगनमध्ये बसून मला तुमच्या माणसाला सेल्फ कसा सुटतो ते समजवावं लागतंय. ड्रीम क्रूझच्या दिवशी मी वुडवर्डच्या कडेला घडीच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या शेव्हेल बघितल्या.

आता माझं म्हणणं. 189 डॉलर परत हवेत, आणि परत पाठवायला माझे गेलेले 38 सुद्धा. फ्लेक्सप्लेटला पण ओरखडे आलेत, ती बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, त्याचे पैसे मी मागत नाहीये, ते माझ्या नशिबाला. साइटवर त्या पार्टखाली एक ओळ टाका की पॉइंट इग्निशनच्या गाडीला आर टर्मिनल मिळणार नाही, डायोड लागेल, आणि जमलं तर तो डायोड आणि खाचांचे बोल्ट पिशवीत टाका.

आणि शेवटचं, माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. कोअर म्हणून मी माझा जुना सेल्फ तुम्हाला पाठवला होता. त्याचे 45 डॉलर तुम्ही धरून ठेवलेत, कारण मेलमध्ये लिहिलंय की 'कोअर रिजेक्टेड'. रिजेक्ट केला असेल तर ठीक आहे, 45 राहू देत, पण मग तो सेल्फ माझाच ना? परत पाठवा. तो या गाडीचा कारखान्यातून आलेला आहे, त्याला फक्त बुश, ब्रश आणि सोलेनॉइड नवीन पाहिजे होतं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात असतो तर एका दुपारी करून आणला असता, मीच आळस केला. भंगारात गेला नसेल अशी आशा आहे. डेल्को-रेमीचा आहे, नाक लोखंडी, बॉडीवर ठोकलेला तारखेचा कोड 0 सी 12, म्हणजे 12 मार्च 1970, आणि शेजारी माझ्या हातचा पांढऱ्या पेंटचा एक ठिपका आहे. मॅडम, प्लीज गोडाऊनमध्ये कुणालातरी बघायला सांगा. ठिपका सोलेनॉइडच्या बाजूला आहे, उलटा ठेवला असेल तर दिसणार नाही.

आपला,
शेव्हेलवाला
(ऑर्डर नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट आणि सात फोटो सोबत जोडलेत)