तळ्यातल्या बदकांना पाव नको, ज्वारी द्या

नमस्कार मंडळी, तळ्यावर फिरायला येणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, जरा मोठं झालंय पण पूर्ण वाचा प्लीज.

आपल्या तळ्यात सध्या 14 पांढरी बदकं आहेत. ही रानातली नाहीत, कुणीतरी हौसेनं पिल्लं आणली आणि मोठी झाल्यावर घाण करतात, ओरडतात म्हणून रात्रीतून इथं सोडून दिली. या पाळीव बदकाचं अंग जड, त्याला धड उडता येत नाही, त्यामुळे इथलं खाणं संपलं तर उठून दुसऱ्या पाणवठ्यावर जाणं त्याला जमत नाही. आणि आपण त्यांना टाकतो काय, तर पाव, खारी, फरसाण, वेफर्स.

पावानं नुसतं पोट भरतं, अंगाला काही लागत नाही, आणि भरल्या पोटी बदक स्वतःचं खरं खाणं शोधतच नाही. उरलेला पाव पाण्यात कुजतो, मग वास आणि हिरवा तवंग. बुरशी धरलेला पाव किंवा मका तर अजिबात टाकू नका, बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बदकांना कोंबड्यांपेक्षाही जास्त बाधतं.

आता रानबदकांचं. आपल्याकडे हळदी-कुंकू नावाचं बदक बारा महिने दिसतं, थंडीत थापट्या आणि चक्रांग येतात. त्यांना आपण काहीच द्यायचं नाही. डोकं पाण्यात आणि शेपटी वर करून ती गवताचं बी, पाणवनस्पतींची कोवळी पानं, गोगलगायी, किड्यांच्या अळ्या शोधत असतात. थापट्याच्या रुंद चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, तो पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक टिपतो. अडई नावाचं रानबदक तर रात्री भाताच्या खाचरात चरायला जातं. भिगवणला नाहीतर नांदूर मध्यमेश्वरला, जी 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली, तिथं थंडीत एवढी बदकं उतरतात ती उथळ पाण्यातल्या याच खाण्यासाठी. म्हणून एक कबुली द्यायची आहे, मागच्या वेळी साफसफाई करताना आम्ही काठचं सगळं लव्हाळं आणि गवत उपटून टाकलं, दिसायला छान झालं पण पक्ष्यांचं ताटच आम्ही उचललं. या वेळी फक्त जलपर्णी, प्लास्टिक आणि कुजलेलं खाणं काढायचं, काठाला हात लावायचा नाही.

पांढऱ्या बदकांसाठी मात्र मदत हवी आहे. एका मोठ्या बदकाला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम दाणा धरला तर 14 बदकांना रोज दोन किलोच्या वर लागतो, म्हणजे महिन्याला साठ-पासष्ट किलो. थोडं ती तळ्यात चरतात पण उन्हाळ्यात पाणी आटलं की तेही नाही. ज्वारी, बाजरी, गहू, तांदळाची कणी, मक्याचा भरडा, यातलं जे घरात असेल ते एक-दोन किलो द्या, कोरडं आणि बिनकिडीचं. मंडईतल्या भाजीवाल्या मावशी-काकांना विनंती, संध्याकाळी उरलेला पालक, मेथी, कोबीची पानं, मटार बाजूला ठेवा, आमची पोरं येऊन घेऊन जातील, आम्ही बारीक चिरून घालू. कांदा आणि अव्होकाडो नको, चॉकलेट तर नकोच. ज्यांच्या शेतावर अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) आहे त्यांनी बादलीभर दिला तरी खूप झालं, बदकं तुटून पडतात त्यावर.

कुणी घरी बदकं पाळली असतील तर ऐका, पिल्लांना नुसतं कोंबडीचं फीड घातलं तर नायसिन हे जीवनसत्त्व कमी पडून पाय अधू होऊ शकतात, डॉक्टरांना विचारून त्यात ब्रूअर्स यीस्ट घाला. दाण्याशेजारी चोच पूर्ण बुडेल एवढं पाणी ठेवाच, कोरडा दाणा घशात अडकतो. जवळ थोडी जाडसर वाळू ठेवा, तिचे खडे पोटात गेले की दाणा दळला जातो. आणि नकोशी झाली तर तळ्यात सोडू नका हो, आधी आम्हाला सांगा, सांभाळणारं घर शोधून देऊ.

धान्य तळ्याकाठच्या मारुती मंदिरात रोज संध्याकाळी 6 ते 7 घेतलं जाईल, तिथं वही आहे, नाव आणि किती दिलं ते लिहून जा. रोख पैसे आम्ही घेत नाही, दुकानातून कट्टा विकत घेऊन दिलात तरी चालेल. दाणा घालायला आठवड्यातला एक दिवस वाटून घेणारी सात माणसं हवीत, चार झालीत, तीन बाकी. रविवारी सकाळी 7 ला सफाई आहे, गमबूट आणि घमेलं असेल तर घेऊन या.