नवशिक्यांच्या रीफ किटमधील धोकादायक सूचना व सदोष साहित्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ६० लिटरचे रीफ किट (घरी प्रवाळ ठेवण्याचा टँक व साहित्य) – पुस्तिकेतील चुका, सदोष हायड्रोमीटर (पाण्याची क्षारता मोजणारे साधन) आणि खोक्यावरील दावा

महोदय,

फोंडा आणि मडगाव भागात घरी खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे आम्ही काही ग्राहक हे पत्र एकत्र लिहीत आहोत. तुमचे किट घेणाऱ्यांत बहुतेक नवशिके आहेत. काच, तिचे जोड आणि स्किमर (फेसातून पाण्यातली घाण काढणारे यंत्र) यांबद्दल तक्रार नाही, ते उत्तम आहेत. तक्रार आहे सोबतच्या पुस्तिकेबद्दल आणि तिच्या भरवशावर किटमध्ये घातलेल्या काही वस्तूंबद्दल. पुस्तिका तंतोतंत पाळणाऱ्याचे प्रवाळ मरतात. एका सूचनेने तर माणसाच्या जिवालाच धोका आहे, म्हणून आधी ती.

'खडकावर नको असलेले पॉलिप आल्यास खडक काढून दहा मिनिटे उकळावा' ही ओळ पुस्तिकेतून ताबडतोब काढा. झोअँथिडमध्ये (बटणासारख्या पॉलिपच्या झुपक्याने वाढणारे प्रवाळांचे नातलग), विशेषतः त्यांतल्या पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असू शकते. असा खडक उकळला की विष वाफेबरोबर खोलीभर पसरते. ते श्वासातून गेले तर ताप, खोकला, दम लागणे, स्नायूंच्या वेदना आणि हृदयाच्या ठोक्यांत बिघाड होऊ शकतो. त्यावर उतारा नाही, रुग्णालयात फक्त लक्षणांवर उपचार होतात. आणि याच किटमध्ये तुम्ही झोअँथिडच्या फ्रॅगचे (लावण्यासाठी कापलेल्या तुकड्याचे) कूपन देता! नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांना चष्मा, हाताला जखम असेल तर टँकमध्ये हात न घालणे, खडक पाण्याबाहेर ब्रशने न घासणे, यातले एक अक्षरही पुस्तिकेत नाही. खडक टाकूनच द्यायचा असेल तर तो मोकळ्या हवेत, थंड पाण्यात केलेल्या ब्लीचच्या द्रावणात झाकून ठेवायचा असतो. ऐप्टेशिया (खडकावर तणासारखे माजणारे समुद्रफूल) आला असेल तर पेपरमिंट कोळंबी सोडावी, नाहीतर सिरिंजने त्याच्या तोंडात चुन्याची पेस्ट भरावी. उकळण्याची गरज कधीच पडत नाही.

आता मिठाकडे. पुस्तिकेत प्रमाण लिटरला ३० ग्रॅम आहे. सॉल्ट मिक्समधल्या काही क्षारांत मुळातच पाणी बांधलेले असते, त्यामुळे ३५ पीपीटी (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) क्षारता मिळवायला लिटरला साधारण ३६ ते ४० ग्रॅम मिश्रण लागते. ३० ग्रॅमने तयार केलेल्या पाण्याची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर (प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता दाखवणारे साधन) १.०२१ आली, पण तुमच्या झुलत्या काट्याच्या हायड्रोमीटरने तेच पाणी १.०२५, म्हणजे जवळपास योग्य, दाखवले. काट्याला बुडबुडे चिकटले तर काटा वर उचलला जातो हे खरे. पण काटा झटकून, पाणी स्थिर करूनही फरक तेवढाच राहिला, आणि आम्ही तपासलेल्या प्रत्येक हायड्रोमीटरमध्ये तो त्याच बाजूला होता. चुकीचे प्रमाण आणि चुकीचे साधन इथे एकमेकांना दुजोरा देतात. नवशिक्याला शंका यायला जागाच उरत नाही, आणि मऊ प्रवाळ आठवडेच्या आठवडे मिटून राहतात. किटमध्ये रिफ्रॅक्टोमीटर द्या आणि तो आरओच्या पाण्यावर नव्हे, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणावर जुळवायचा असतो हे छापा. द्रावण हाताशी नसेल तर ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६.३५ ग्रॅम आरओ-डीआय (आरओनंतर रेझिनने उरलेले क्षारही काढलेल्या) पाण्यात विरघळवले की तपासणीपुरते काम होते.

मिठाच्या पिशवीला साधी चिमटीची क्लिप आहे. गोव्यात जूनपासून हवा इतकी दमट असते की अशी पिशवी लवकरच दगडासारखी घट्ट होते. घट्ट झालेल्या मिठाचे पाणी गढूळ राहते आणि त्याची केएचही (पाण्यातल्या कार्बोनेटचे मोजमाप, अंशांत) कमी भरते, कारण कॅल्शियम व कार्बोनेट पिशवीतच एकमेकांशी जोडले गेलेले असतात. घट्ट झाकणाचा डबा द्यावा.

'पाणी कमी झाल्यास मीठपाण्याने भरावे' हेही साफ चूक. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ मागे उरते. पंखा लावलेल्या ६० लिटरच्या टँकमधून दिवसाला दीड लिटर पाणी सहज उडते. ती तूट मीठपाण्याने भरली तर रोज सुमारे ५२ ग्रॅम जादा मीठ आत जाते आणि आठवड्यात क्षारता ३५ वरून ४१ पीपीटीवर पोहोचते. भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याचीच.

तेही कोणते पाणी, हे स्पष्ट हवे. 'नळाचे पाणी किंवा घरगुती प्युरिफायरचे पाणी चालेल' असे तुम्ही म्हणता. आपल्याकडच्या बऱ्याच प्युरिफायरमध्ये चव येण्यासाठी खनिजे परत मिसळतात, आणि हल्ली तांब्याचे कार्ट्रिजही असते. तांबे माणसाला त्या प्रमाणात चालते, पण प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना ते अगदी थोडेही विषारी ठरते. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असते, तेही नको. डीआय रेझिननंतर टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य असलेले पाणी, एवढी एकच ओळ पुरली असती.

किटमध्ये १०० वॅटचा हीटर आहे. मे महिन्यात इथल्या खोलीतली हवा ३२–३३ अंशांवर असते. दिवे आणि पंप चालू असताना टँक ३० च्या वर जातो. प्रवाळांना २५ ते २७ अंश मानवतात आणि नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त काही आठवडे टिकला तरी ते पांढरे पडू लागतात. गोव्याच्या ग्राहकाला हीटर नको, पाण्यावर वारा मारणारा पंखा आणि तो चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट हवा. दमट हवेत पंख्याने फार तर एक-दोन अंश उतरतात, म्हणून पुढे चिलर लागू शकतो हेही आधीच सांगा. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा एअर पंप जीव वाचवतो, त्याचा साधा उल्लेखही नाही.

सर्वांत जास्त नुकसान 'ग्रोथ अ' आणि 'ग्रोथ ब' या बाटल्यांनी होते. दोन्हींत काय आहे, किती तीव्र आहे, हे लेबलवर नाही. 'पहिल्या दिवसापासून रोज प्रत्येकी ५ मिली' एवढेच लिहिले आहे. एकही प्रवाळ नसलेल्या ६० लिटर ताज्या मीठपाण्यात ब बाटलीतले ५ मिली घातल्यावर केएच ०.९ ने वाढली. नव्या टँकमधल्या दोन-चार मऊ प्रवाळांची दिवसाची गरज ०.१ च्या आसपास असते. उरलेली ०.८ रोज साठत जाते आणि आठवडाभरात केएच ८ वरून साडेतेराच्या पुढे जाते. मग कॅल्शियम कार्बोनेट पांढऱ्या भुकटीच्या रूपात पाण्यातून बाहेर पडू लागते, पंपाच्या इम्पेलरवर (फिरत्या पात्यांवर) कवच धरते, आणि वर चढलेली केएच व कॅल्शियम दोन्ही एकदम कोसळतात. पुस्तिकेतल्या चित्रात तर दोन्ही बाटल्या एकामागोमाग एकाच कोपऱ्यात ओतताना दाखवल्या आहेत. कॅल्शियमचे द्रावण आणि कार्बोनेटचे द्रावण पातळ होण्याआधीच भेटले तर ते तिथल्या तिथे खडू होणारच. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्यावा आणि दोन्ही जोरदार प्रवाहात सोडावीत.

प्रवाळ सांगाडा बांधतो तेव्हा कॅल्शियम आणि केएच ठरावीक प्रमाणात वापरतो. केएच २.८ उतरली की कॅल्शियम लिटरमागे सुमारे २० मिलिग्रॅम उतरते. म्हणून केएच मोजली की गरज कळते. पण किटमधल्या पट्ट्या अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेटपुरत्याच आहेत. न मोजता रोज ओतायला सांगणे याला मार्गदर्शन म्हणता येत नाही. खरी पद्धत सोपी आहे: चार-पाच दिवस काही न घालता, पाणी न बदलता, रोज एकाच वेळी केएच मोजावी. दिवसाला जेवढी उतरते तेवढीच भरावी, आणि एका दिवसात १ पेक्षा जास्त कधीच वाढवू नये. ६० लिटरला केएच १ ने वाढवायला १.८ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. मऊ प्रवाळांच्या सुरुवातीच्या टँकला तर आठवड्याला सहा लिटर पाणी बदलले तरी भागते, एकही बाटली लागत नाही. केएच ८ ते ९, कॅल्शियम ४०० ते ४५० आणि मॅग्नेशियम १२५० ते १३५० (लिटरला मिलिग्रॅम) हे आकडे स्थिर राहणे हीच प्रवाळाच्या वाढीची खरी मदत आहे.

फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे २०० ग्रॅम दिले आहेत आणि सगळे पहिल्याच दिवशी घालायला सांगितले आहे. नव्या टँकमध्ये फॉस्फेट आणि नायट्रेट शून्यावर आणले की प्रवाळ उपाशी राहतात आणि डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्मजीवांचा तपकिरी, बुडबुडे धरणारा चिकट थर वाळूवर पसरतो. त्याला शेवाळ समजून नवशिका आणखी दाणे घालतो. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ आणि नायट्रेट २ ते १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) असू द्यावे. हे दाणे मोजमापानंतरच, तेही थोडेथोडे.

'तिसऱ्या दिवशी प्रवाळ लावा' याबद्दल लांबण लावत नाही. आधी टँकमध्ये अमोनिया पचवणारे जीवाणू वाढायला हवेत: चाचणीसाठी घातलेला २ पीपीएम अमोनिया चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत उतरला पाहिजे. त्याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात.

दिव्याच्या खोक्यावर वॅट आणि ल्युमेन आहेत, पीएआर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश) नाही. पूर्ण क्षमतेवर खडकाच्या माथ्याशी आम्हाला ३०० च्या वर पीएआर मिळाला. मशरूमला ५० ते १००, झोअँथिडला ८० ते १५० पुरतो. 'वेगाने वाढीसाठी प्रवाळ दिव्याजवळ लावावे, दिवा १२ तास पूर्ण ठेवावा' ही सूचना पाळली की प्रवाळाच्या पेशीतले झूझँथेली (त्याला अन्न पुरवणारे सूक्ष्म शैवाल) गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन तयार करतात, त्याचे घातक रूप पेशींना इजा करते आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकून पांढरा पडतो. सुरुवात ३० टक्के, ८ तास, फ्रॅग तळाशी; मग आठवड्याला ५ ते १० टक्के वाढ. असे शिकवा.

खोक्यावर मेंदूप्रवाळाचे (हाही भरीव दगडी प्रवाळच) चित्र आणि '३० दिवसांत दुप्पट वाढ' असा दावा आहे. झेनियासारखे मऊ प्रवाळ झपाट्याने पसरतात हे मान्य. पण पोराइट्ससारखा भरीव दगडी प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्या चित्राशेजारी हा दावा दिशाभूल करणारा आहे.

'समुद्र जवळ असल्यास किनाऱ्यावरून खडक व प्रवाळाचे तुकडे आणावेत' ही ओळ वाचून गोव्यातला ग्राहक वास्कोजवळच्या ग्रांदे बेटाकडेच बघणार. सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते समुद्रातून काढणे आणि त्यांचा व्यापार गुन्हा आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेतही प्रवाळभित्ती सर्वाधिक संवेदनशील गटात मोडतात. आपल्या किनाऱ्यावर प्रवाळ आधीच मोजक्या जागी, गाळ आणि पावसाचे गोडे पाणी सोसत टिकून आहेत. टँकच्या छंदापायी त्यांचा एक तुकडाही हलता कामा नये, हे आमचे ठाम मत आहे, आणि तुमच्या पुस्तिकेने ते ठळक अक्षरांत सांगायला हवे.

आमच्या मागण्या अशा. हे किट घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला खडक उकळण्याची व किनाऱ्यावरून प्रवाळ आणण्याची सूचना रद्द केल्याचे तातडीने कळवावे. हायड्रोमीटरऐवजी रिफ्रॅक्टोमीटर आणि प्रमाणित द्रावण द्यावे. हीटर व ग्रोथ बाटल्या परत घेऊन त्यांचे पैसे द्यावेत किंवा त्याऐवजी थर्मोस्टॅटचा पंखा आणि केएच व फॉस्फेटचे टेस्ट किट द्यावे. खोक्यावरचा दावा काढावा. पुस्तिका पाळून मेलेल्या फ्रॅगची भरपाई सोबतच्या पावत्यांप्रमाणे करावी.

ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ च्या कलम ८४ नुसार, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणारा उत्पादक नुकसानीला जबाबदार असतो. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. सुधारित पुस्तिकेचा मसुदा तपासून हवा असेल तर तो मराठीत पाठवा, आम्ही विनामोबदला तपासून देऊ.

आपले,
फोंडा व मडगाव येथील ग्राहक

सोबत : पावत्यांच्या प्रती, लेबल व पुस्तिकेच्या पानांचे फोटो, क्षारता, केएच आणि पीएआरच्या नोंदी