स्क्रॅपच्या डब्यात न दिसणारं नुकसान

माननीय संपादक,
नमस्कार.

उद्योगाच्या पानावर कुणाचा टर्नओव्हर किती वाढला याच्या बातम्या असतात, मी त्या आवडीने वाचतो, पण तो माल बनवताना वाया किती गेलं हे कुठेच येत नाही, आणि खरं सांगायचं तर कारखान्यातही ते कुणी फारसं विचारत नाही. साधा हिशोब बघा. १०० च्या विक्रीवर ५ नफा राहतो आणि वाया जाणाऱ्यातलं फक्त १ वाचवलं, तर ५ चे ६ झाले म्हणजे नफा २० टक्क्यांनी वाढला. तेवढाच जादा नफा विक्रीतून काढायचा तर त्याच मार्जिनवर विक्री २० टक्के वाढवायला हवी, त्यात नवीन ऑर्डर, नवीन कच्चा माल, ओव्हरटाइम सगळंच आलं. तरी मीटिंगमध्ये चर्चा सेल्सचीच.

बरं, वेस्ट म्हटलं की सगळे स्क्रॅपच्या डब्याकडे बघतात. डबा निदान दिसतो तरी, त्याचं वजन होतं, रजिस्टरला नोंद होते. जपानच्या टोयोटा मोटार कंपनीचे इंजिनिअर ताइची ओनो यांनी वाया जाण्याचे ७ प्रकार सांगितले त्यात खराब माल हा फक्त एक. बाकीचे म्हणजे थांबून राहणं, मालाची उगाच ने-आण, माणसाची उगाच हालचाल, गरज नसलेलं जादा काम, पडून असलेला स्टॉक, आणि त्यांच्या मते सगळ्यात वाईट म्हणजे लागतो त्यापेक्षा जास्त माल बनवणं. मशीन चालू आहे, माणसं कामात आहेत, गोडाऊन भरलंय, मग नुकसान कसलं, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं.

मी प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या विभागात, सुपरवायझर होतो. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला अडीच तास लागायचे म्हणून एकदा डाय लावली की महिन्याभराचा माल काढून ठेवायचा अशी पद्धतच होती. एकदा गिऱ्हाइकाने ड्रॉइंगमध्ये एका होलची जागा बदलली आणि रॅकवरचा सगळा माल, त्यात एकही पीस रिजेक्ट नसताना, भंगारात गेला. तेव्हा आम्ही घड्याळ लावून बघितलं की हे अडीच तास जातात कुठे, तर निम्म्याहून जास्त वेळ शोधाशोधीत आणि वाट बघण्यात, बोल्ट वेगवेगळ्या साइजचे म्हणून पाने वेगवेगळे, क्रेन दुसरीकडे अडकलेली, पुढची डाय अजून स्टोअरमध्येच. बोल्ट सगळे एकाच साइजचे करा हे सांगितलं एका ऑपरेटरने, पुढची डाय मशीन बंद व्हायच्या आधीच ट्रॉलीवर आणून ठेवायला लागलो, आणि काही महिन्यांत काम ४० मिनिटांवर आलं. नवीन मशीन काही घेतलं नव्हतं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी हीच पद्धत नीट मांडली, मशीन बंद केल्यावरच करता येणारी कामं वेगळी आणि चालू असताना उरकता येणारी वेगळी, टोयोटात १००० टनी प्रेसचा सेटअप, म्हणजे डाय बदलून मशीन तयार करायचा वेळ, ४ तासांवरून दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आणला होता त्यांनी.

सेटअप कमी झाला की लॉट, म्हणजे एका वेळी काढायचा माल, छोटा करता येतो, आणि छोट्या लॉटचा खरा फायदा म्हणजे चूक लगेच पकडली जाते, नाहीतर हजारो पीस झाल्यावर पुढच्या स्टेजला कळतं की पहिल्यापासूनच माप चुकलंय. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोदा यांचा १९२४ चा कापड विणायचा माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, आपल्याकडे मात्र मशीन थांबवलं की माणसाला बोलणी बसतात, मग तो थांबवत नाही. १० स्टेजेस असतील आणि प्रत्येकाचा ९८ टक्के माल पहिल्याच वेळी चांगला निघत असेल तरी शेवटपर्यंत रिवर्कशिवाय, म्हणजे परत दुरुस्त न करता, पोचणारा माल ८२ टक्केच असतो, पण प्रत्येक जण म्हणतो माझं ९८ आहे.

मशीन्सना लागणाऱ्या कॉम्प्रेसरच्या दाबाच्या हवेचंही तेच, नुकसान दिसत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन्स बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करा. तो परत परत लोड घेत असेल, म्हणजे हवा भरायला सुरू होत असेल, तर ती हवा लीकेजमधूनच जातेय आणि तिचं वीजबिल तुम्ही भरताय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. सेटअपचा वेळ वाचला तेव्हा मॅनेजमेंटने हिशोब काढला की आता एक माणूस जास्त होतो, आणि त्याला काढलं. त्यानंतर त्या शॉपमधून मी असेपर्यंत एकही सूचना आली नाही, बोल्टची आयडिया देणारा ऑपरेटरही नुसती मान हलवायचा. कोण बोलेल? वाचलेल्या वेळात त्याच माणसाकडून डायचा मेंटेनन्स करून घेता आला असता, जो आम्ही नेहमी पुढे ढकलत होतो. मालकांना माझी कळकळीची विनंती आहे, सुधारणा सुरू करण्याआधी कामगारांना लेखी द्या की यातून कुणाची नोकरी जाणार नाही, आणि मगच विचारा की वाया कुठे जातंय. त्यांना माहीत असतं.

आपला,
एक निवृत्त सुपरवायझर